टोकांचा बंदोबस्त

विजेच्या खांबावरचा एक नट सैल होतो. ऊन, वारा आणि वर्षानुवर्षांची थरथर यांमुळे तो नट आणि त्याखालची लोखंडी पट्टी यांच्यात केसाएवढी फट पडते. गावात कुणालाच त्याचा पत्ता लागत नाही. दिवे लागतात, मोटार पाणी उपसते, बिलही नेहमीसारखंच येतं. पण त्या फटीत ठिणग्या उडत असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा दाब सेकंदाला १०० वेळा शिखरावर पोचतो आणि दर शिखरागणिक ठिणग्यांचा एक झुबका उडतो. ठिणगीला ठरलेली वारंवारता नसते. काही किलोहर्ट्झपासून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंत ती एकाच वेळी पसरते, आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारा तिला आयती अँटेना पुरवतात.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावहून आत वळल्यावर खोडद लागतं. तिथल्या दुर्बिणीला ढगांची फारशी फिकीर नसते. रेडिओलहरी ढगांतून आरपार येतात. तिला धास्ती असते ती अशा सैल नटाची, तडा गेलेल्या इन्सुलेटरची, जाळी उसवलेल्या केबलची आणि मोकळ्या सोडलेल्या टोकाची. रेडिओच्या जगात घोटाळा बहुतेक वेळा सांध्यात होतो. मधली शंभर मीटर केबल निमूटपणे काम करते आणि टोकाचा एक सेंटिमीटर सगळ्यावर पाणी फिरवतो. त्या एका सेंटिमीटरवर किती अवलंबून आहे, हे या लेखात सांगायचं आहे.

खोडदला काय ऐकायचंय

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी, ही ३० डिशची मिळून बनलेली एक दुर्बीण. प्रत्येक डिशचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ डिश साधारण एक किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन डिशमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर भरतं. मध्ये द्राक्षाच्या बागा आहेत, टोमॅटोचे मळे आहेत, वाड्यावस्त्या आहेत, विहिरींवरच्या मोटारी आहेत. दुर्बीण गावाबाहेर कुंपणात बसलेली नाही. ती गावांच्या मधोमध पसरलेली आहे.

ही जागा निवडली डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८०च्या दशकात. पुण्याहून सुमारे ८० किलोमीटर म्हणजे शहराच्या गोंगाटापासून लांब, पण वर्कशॉप आणि कारागिरांपासून फार दूर नाही. वारा बेताचा. आणि भोवती डोंगर. सह्याद्रीच्या रांगा शहरांतून येणाऱ्या प्रक्षेपणाला काही प्रमाणात आड येतात, हा त्या निवडीतला मोठा लाभ होता.

एवढी काळजी का घ्यावी लागते, ते आकड्यांत पाहू. रेडिओ खगोलशास्त्रात तेजस्विता जान्स्की या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एक हर्ट्झच्या पट्ट्यात, एका वॉटचा एकावर २६ शून्यं इतक्या हिश्श्यांतला एक हिस्सा. चंद्रावर कुणी एक वॉटचा मोबाइल चालू ठेवला आणि त्याची शक्ती २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरली, तर गणिताने तो पृथ्वीवर सुमारे २७० जान्स्कीचा भरतो. सूर्य सोडला तर त्याहून तेजस्वी रेडिओ स्रोत आकाशात मोजकेच आहेत. आणि जीएमआरटी ज्यांच्या मागे असते ते स्रोत जान्स्कीच्या हजाराव्या, कधी लाखाव्या भागाचे असतात. मग खोडदपासून दोन किलोमीटरवरच्या खांबावर उडणारी ठिणगी काय करत असेल, ते वेगळं सांगायला नको.

या कानाची तीक्ष्णता १९ ऑक्टोबर २०१६ रोजी जगाने पाहिली. युरोपीय अंतराळ संस्थेचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्यावर काही वॉटचा ट्रान्समीटर होता, वारंवारता सुमारे ४०१ मेगाहर्ट्झ. मंगळ त्या दिवशी साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता. यान खाली येत असतानाचा तो क्षीण नाद खोडदला पकडला गेला आणि उतरण्याच्या सुमारास तुटला. यान मंगळावर आदळलं होतं. त्या उतरणीची पहिली बातमी जुन्नर तालुक्यात पोचली होती.

खरखरीचा माग काढणारा माणूस

या विद्येचा जन्मच व्यत्ययाच्या तपासातून झाला. १९३०च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेला अटलांटिकपार चालणाऱ्या रेडिओ टेलिफोनमधली खरखर छळत होती. ती कुठून येते ते शोधण्याचं काम कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे आलं. न्यू जर्सीतल्या होमडेल इथे, एकेकाळच्या बटाट्याच्या शेतात, त्याने फिरती अँटेना उभारली. खाली फोर्डच्या मोटारीची चाकं लावली होती आणि दर २० मिनिटांनी ती एक फेरा घेई. वारंवारता होती २०.५ मेगाहर्ट्झ.

जान्स्कीने खरखरीच्या तीन जाती वेगळ्या केल्या. जवळच्या वादळांची, लांबच्या वादळांची, आणि तिसरी एक मंद, अखंड सळसळ. ही तिसरी रोज चार मिनिटं लवकर हजर होई. तिचा फेरा २४ तासांचा नव्हता, २३ तास ५६ मिनिटांचा होता, आणि तो ताऱ्यांचा दिवस आहे. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ही सळसळ आकाशगंगेतून, धनू राशीच्या दिशेकडून येते. ज्याला टेलिफोनवाले कटकट म्हणत होते, तो आपल्या दीर्घिकेचा आवाज निघाला. पण हे त्याला सांगता आलं, कारण बाकी प्रत्येक खरखरीचा उगम त्याने आधी नक्की केला होता. स्वतःच्या यंत्राची, तारांची आणि हवेची खरखर ओळखता येत नसती, तर चार मिनिटांचा तो फरक त्यात बुडून गेला असता.

त्याच काळात त्याच टेलिफोन व्यवसायातले लॉइड एस्पेनशिड आणि हर्मन ॲफेल हे दोघं केबलच्या प्रश्नावर काम करत होते. उंच वारंवारतेचे सिग्नल साध्या दोन तारांवरून नेले तर वाटेत बरेच हवेत निघून जातात आणि बाहेरचा कचरा आत येतो. यावर त्यांनी १९२९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३१ साली ते मिळालं: एक तार मध्ये, दुसरी तिच्याभोवती नळीसारखी, दोघींचा अक्ष एकच. हीच कोॲक्सियल केबल. मूळ कल्पना त्याहून जुनी. ऑलिव्हर हेविसाइडने १८८० सालीच इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. ब्रह्मांड ऐकण्याची विद्या आणि सिग्नल झाकून नेण्याची विद्या, दोन्ही एकाच सुमारास रांगायला लागल्या.

जाळीचं काम

घराघरांत डिश टीव्हीची जी काळी केबल येते ती आरजी-६ जातीची. तिचं टोक सोलून पाहा. बाहेर काळं प्लास्टिक, त्याखाली ॲल्युमिनियमच्या बारीक तारांची वीण, तिच्याखाली चमकता ॲल्युमिनियमचा कागद, मग पांढरा फोमसारखा थर आणि मधोमध एकच ताठ तार, पोलादाची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली.

पोलादाची तार चालते, कारण उंच वारंवारतेची वीज तारेच्या गाभ्यातून वाहतच नाही. ती कातडीलगत वाहते. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेला तांब्यात साधारण नऊ मिलिमीटर खोलीपर्यंत जागा लागते. १०० मेगाहर्ट्झला एका मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाएवढी जागा पुरते. त्यामुळे तांब्याचा पातळ मुलामाच सगळा भार वाहतो. जाळीचं कवच काम करतं तेही याच कारणाने. सिग्नलचा परतीचा प्रवाह कवचाच्या आतल्या अंगाने जातो, बाहेरच्या जगाचा कचरा बाहेरच्या अंगाने वाहतो आणि कवच पुरेसं जाड असलं की दोघांची गाठ पडत नाही. एकाच धातूच्या दोन बाजूंवर दोन स्वतंत्र प्रवाह चालतात.

वीण पाहिली की प्रश्न पडतो, एवढ्या भोकांतून सिग्नल गळत नाही का? भोक तरंगलांबीच्या तुलनेत बारीक असेल तर लाट त्यातून जवळजवळ जात नाही. जीएमआरटीची डिश याच तत्त्वावर उभी आहे. तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी आहे, मध्यभागी १० मिलिमीटर घरांची आणि कडेला २० मिलिमीटरपर्यंत. २१ सेंटिमीटरच्या लाटेला ती जाळी भिंतच वाटते आणि वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे डिश हलकी झाली, स्वस्त झाली. ताणलेल्या दोरांवर जाळी बांधण्याच्या स्वरूप यांच्या रचनेला स्मार्ट असं नाव पडलं. पण केबलमध्ये जाळीबरोबर कागद लागतोच, कारण स्वस्त केबलमध्ये विणीचं प्रमाण कमी असतं आणि कागद ती उणीव भरून काढतो.

आता सांध्याकडे या. चांगला तंत्रज्ञ एफ कनेक्टर बसवतो तेव्हा आधी बाहेरचं प्लास्टिक नेमक्या मापात कापतो, जाळीला ओरखडा न पडू देता. जाळीचे धागे मागे दुमडून प्लास्टिकवर सगळीकडे सारखे पसरतो. कागदाचा एक पदर फोमवर तसाच राहू देतो. मधल्या तारेवर एकही धागा चिकटलेला नाही हे उजेडात धरून पाहतो, कारण एक धागा चिकटला की शॉर्ट. मग कनेक्टर आत दाबतो, पांढरा फोम कनेक्टरच्या तळाशी येऊन थांबेपर्यंत, आणि शेवटी साधनाने सगळ्या बाजूंनी एकसारखा आवळतो. आता कवच आणि कनेक्टर यांचा मेळ पूर्ण वर्तुळात बसला.

घाईतला माणूस जाळी एका बाजूला गोळा करतो, पीळ घालतो आणि ती वेणी कुठल्या तरी स्क्रूखाली दाबतो. मीटरवर तपासलं तर जोड पक्का दिसतो. पण उंच वारंवारतेला दोन सेंटिमीटरची वेणी म्हणजे मोठा अडथळा. प्रवाहाला आतल्या अंगाने परतायला वाट मिळत नाही, तो कवचाच्या बाहेरच्या अंगावर उतरतो आणि सबंध केबल अँटेना होऊन बसते. दोन्ही दिशांनी: आतलं बाहेर सांडतं, बाहेरचं आत शिरतं. महागडी केबल घेतली आणि टोक असं बांधलं, तर पैसे पाण्यात गेले. अशा वेळी केबलवर फेराइटचं कडं घालतात. ते बाहेरच्या प्रवाहाला अडवतं, आतल्या सिग्नलला हात लावत नाही. पण तो उपचार झाला. पथ्य सांध्यातच आहे.

परतणारी लाट

कवच म्हणजे केबलची भिंत. टर्मिनेशन म्हणजे तिचं टोक. खुंटीला बांधलेल्या दोरीला झटका दिला तर झटका खुंटीपर्यंत जातो आणि परत हातात येतो, तसाच सिग्नलही केबलच्या टोकावरून परततो. टोक मोकळं असेल तर लाट जशीच्या तशी परत येते. टोक शॉर्ट असेल तर उलटी होऊन परत येते. ती परत येऊच नये यासाठी टोकाला एक रोध लावावा लागतो, केबलच्या स्वतःच्या इम्पीडन्सइतकाच, म्हणजे ती लाटेला करते त्या विरोधाइतकाच. मग लाटेला केबल संपल्याचं कळत नाही, तिची सगळी ऊर्जा त्या रोधात जिरते.

टीव्हीच्या केबलचा इम्पीडन्स ७५ ओहम असतो, प्रयोगशाळेतल्या आणि ट्रान्समीटरच्या केबलचा बहुधा ५०. हवाभरल्या कोॲक्सियल केबलमध्ये सिग्नल सर्वांत कमी झिजतो तो ७७ ओहमच्या आसपास आणि सर्वांत जास्त शक्ती पेलली जाते ३० ओहमच्या आसपास. म्हणून घरी सिग्नल वाचवणारं ७५ रूढ झालं आणि इतरत्र मधला तडजोडीचा ५० चा आकडा. या दोघांची मिसळ केली, ५० च्या केबलला ७५ चं टोक लावलं, तर एक पंचमांश लाट परतते. शक्तीच्या हिशोबात चार टक्के. टीव्हीवर त्याने काही बिघडत नाही. खोडदला बिघडतं.

नव्वदच्या दशकात ज्यांनी कचेऱ्यांमधलं संगणकांचं जाळं सांभाळलं, त्यांना टर्मिनेटरचं महत्त्व पाठ आहे. तेव्हा एकच पातळ कोॲक्सियल केबल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाई, जास्तीत जास्त १८५ मीटर, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमची छोटी टोपी असे. झाडताना कुणाच्या हातून एक टोपी निघाली की सगळी कचेरी बंद. मोकळ्या टोकावरून परतणारे सिग्नल येणाऱ्या सिग्नलांवर आदळत आणि प्रत्येक संगणकाला वाटे की दुसरं कुणीतरी बोलतंय.

खगोलशास्त्रात हा दोष जास्त फसवा असतो. १०० मीटरची केबल घ्या, जिच्यात लाट प्रकाशाच्या ८० टक्के वेगाने जाते. दोन्ही टोकांना थोडंथोडं परावर्तन असेल, तर जाऊन येणारी लाट मूळ लाटेत मिसळते आणि दर १.२ मेगाहर्ट्झला सिग्नल किंचित वाढतो, किंचित घटतो. मोजलेल्या वर्णपटावर नागमोडी रेघ उमटते. ती आकाशाची आहे की केबलची, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

२०१८ साली या प्रश्नाला फार मोठी किंमत आली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एजेस या छोट्या उपकरणाने ७८ मेगाहर्ट्झपाशी अर्ध्या केल्व्हिनची खळगी नोंदवली, तीही त्याहून हजारो पट तेजस्वी आकाशावर. विश्वातले पहिले तारे उजळले तेव्हाच्या हायड्रोजनची ती सावली आहे, असा दावा होता. खरा ठरला असता तर भौतिकशास्त्राला नव्याने विचार करावा लागला असता. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने सरस-३ हे उपकरण बांधलं आणि कर्नाटकातल्या तलावांवर तराफ्यावर तरंगत ठेवलं, कारण जमिनीच्या पोटातल्या थरांवरूनही लाटा परततात आणि पाण्याचा थर एकसारखा असतो. अँटेनाकडून सिग्नल आणताना त्यांनी धातूऐवजी ऑप्टिकल फायबरचा आधार घेतला. २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं: ती खळगी आम्हाला दिसत नाही. विश्वाच्या पहाटेबद्दलचा वाद परावर्तनाच्या हिशोबावर येऊन ठेपला होता.

शत्रूला कामाला लावलं

गोविंद स्वरूप यांचं नाव खोडदशी जोडलेलं आहे, पण परावर्तनाशी त्यांची ओळख जुनी. १९५०च्या दशकात ते ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे काम करत होते. तिथे ३२ छोट्या डिशची रांग होती आणि सगळ्या डिशकडून येणाऱ्या तारांची विद्युत लांबी सारखी ठेवणं हे रोजचं जिकिरीचं काम. लांबीत फरक पडला की सगळ्या डिश मिळून एका दिशेला पाहत नाहीत.

पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांनी यांग या सहकाऱ्याबरोबर १९६१ साली यावर देखणा तोडगा प्रसिद्ध केला. तारेच्या डिशकडच्या टोकाला असा घटक बसवायचा की ज्याचं परावर्तन ठरलेल्या लयीत चालूबंद करता येतं. मुख्य केंद्रातून सिग्नल सोडायचा आणि परतलेल्या लाटेची कला (फेज) मोजायची. वाटेतल्या सांध्यांवरूनही लाटा परततातच. पण त्या लयीत डोलणारी लाट टोकावरचीच, त्यामुळे ती वेगळी काढता येते. तारेवर न चढता, केंद्रात बसल्या जागी, प्रत्येक तारेची विद्युत लांबी कळू लागली. परावर्तनाचा त्रास ज्याने इतक्या जवळून सोसला, त्यालाच त्याचा असा उपयोग सुचला. ही रीत पुढे जगभरच्या दुर्बिणींनी उचलली.

पॉट्स हिलच्या त्याच ३२ डिश ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्या आणि १९६५ साली त्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या राहिल्या. स्वरूप यांनी भारतात उभारलेली ही पहिली रेडिओ दुर्बीण. उटीची पुढची, खोडदची त्याहून पुढची. महाराष्ट्रातली रेडिओ खगोलाची कारकीर्द कल्याणपासून सुरू होते, हे आज कल्याणकरांनाही फारसं माहीत नाही.

घरचा गोंगाट

खोडदला सिग्नलचा प्रवास डिशच्या केंद्रबिंदूवर सुरू होतो. ॲम्प्लिफायर तिथेच, उंचावर बसवलेला असतो, कारण केबलमध्ये सिग्नल झिजला की त्याची भरपाई नंतर होत नाही. तिथून कोॲक्सियल केबल डिशच्या पायथ्यापर्यंत येते आणि पुढचा सगळा प्रवास, काही किलोमीटरचा का असेना, ऑप्टिकल फायबरवरून होतो. मूळ रचनेत सिग्नल १३० आणि १७५ मेगाहर्ट्झवर आणून लेसरवर चढवले जात. आता नव्या रूपात मूळ रेडिओ सिग्नलच फायबरवर चढतो. काचेच्या तंतूला बाहेरच्या रेडिओलहरी ऐकू येत नाहीत आणि त्याच्यातून त्या गळतही नाहीत. केबलच्या भिंतीचा प्रश्न काचेने निकालात काढला.

टोकांचा प्रश्न मात्र उरतोच. ३० डिशचे सिग्नल जिथे एकत्र येतात, तिथल्या संगणकांतली सर्किट्स सेकंदाला अब्जावधी वेळा चालूबंद होतात. प्रत्येक चालूबंद म्हणजे रेडिओलहर. म्हणून हे सगळं कवचबंद खोलीत असतं. अशा खोलीचं दार बंद होताना कडेच्या धातूच्या पट्ट्या चौकटीला सगळीकडे टेकाव्या लागतात. हवेसाठीचे झरोके मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराच्या अरुंद धातूच्या नळ्यांचे असतात. आत येणाऱ्या प्रत्येक विजेच्या तारेला भिंतीपाशीच फिल्टर लागतो. भिंत कितीही जाड केली आणि फिल्टर न लावता एक तार आत घेतली, तर त्या तारेवरून सगळा गोंगाट बाहेर येतो. दक्षिण आफ्रिकेच्या कारू या अर्धवाळवंटी भागात मीरकॅट दुर्बिणीची संगणकाची इमारत म्हणूनच जमिनीखाली बांधली आहे.

घरचा गोंगाट किती चकवू शकतो ते ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथे दिसलं. १९९८ पासून तिथल्या ६४ मीटरच्या डिशला अधूनमधून एक विचित्र झटका दिसे. २००७ मध्ये दूरच्या विश्वातून येणाऱ्या क्षणिक रेडिओ स्फोटांचा शोध लागल्यानंतर काहींना शंका आली, हे स्फोटही त्या झटक्यांसारखे जवळचेच तर नाहीत? २०१५ साली उलगडा झाला. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच कुणी दार उघडलं की बंद होतानाच्या क्षणी १.४ गिगाहर्ट्झची एक लहर निसटे. ओव्हनच्या दारातली जाळी शाबूत होती. दार एक क्षण आधी उघडलं जात होतं. खरे स्फोट त्यापासून वेगळे काढता आले आणि आज ती खगोलशास्त्राची एक भरभराटीची शाखा आहे.

शेजार

दुर्बिणीचा शेजार तिच्या हातात नसतो. विजेच्या वाहिन्यांचा त्रास खोडदला सुरुवातीपासून आहे, विशेषतः ७०० मेगाहर्ट्झच्या खाली. त्याचा माग काढणारी माणसं हातात दिशादर्शक अँटेना आणि रिसीव्हर घेऊन वाहिनीच्या कडेने फिरतात. १०० हर्ट्झची घरघर वाढत जाते, एका खांबाशी शिगेला पोचते. मग वीजमंडळींना तो खांब दाखवायचा, वाहिनी बंद करून नट आवळायचा, इन्सुलेटर बदलायचा. या दुरुस्तीने वाहिनीचंही आयुष्य वाढतं, कारण जो सांधा आज ठिणग्या उडवतो तो उद्या जळतो.

इतर शेजारीही आहेत. टीव्हीच्या अँटेनावर बसवलेला स्वस्त बूस्टर स्वतःच आंदोलित होऊन ट्रान्समीटर होतो. स्प्लिटरची मोकळी तोंडं आणि कुजलेल्या सांध्यांतून केबल टीव्हीचे सिग्नल गळतात. फिल्टर न लावलेले एलईडी दिवे आणि चार्जर विजेच्या तारांवर कचरा सोडतात. वेल्समधल्या आबरहोसन या खेड्याचं इंटरनेट रोज सकाळी सात वाजता ढेपाळत असे. दीड वर्षाच्या शोधानंतर २०२० साली कारण सापडलं: एका घरातला जुना टीव्ही, जो रोज सातला चालू होई. घरमालकाने तो कायमचा बंद केला. त्याच्या मनात कुणाला त्रास देण्याचं नव्हतं. आपल्या टीव्हीने गाव अडलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्यापैकी जवळजवळ सगळेच त्याच्या जागी आहोत.

आकाशही आता शेजार झालंय. युरोपातल्या लोफार दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलं की स्टारलिंकच्या पाहिलेल्या ६८ उपग्रहांपैकी ४७ उपग्रह ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येतात. इंटरनेटचं प्रक्षेपण या पट्ट्यात होतच नाही. ही उपग्रहांच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक्सची गळती. कवच आणि फिल्टर यांचा जो प्रश्न नारायणगावच्या गच्चीवर आहे, तोच ५५० किलोमीटर उंचीवर आहे.

कायदा कुठवर पुरतो? जगभरच्या करारानुसार १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कुणीही प्रक्षेपण करायचं नाही, कारण हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर बोलतो. पण विश्व प्रसरण पावतंय. लांबच्या हायड्रोजनची लाट वाटेत ताणली जाते. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लाट आपल्यापर्यंत ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचते, आणि तिथे असं कडेकोट संरक्षण नाही. २०२० साली जीएमआरटीने याच पट्ट्यात साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून त्या काळातल्या हायड्रोजनचं मोजमाप केलं. ते काम नेचर नियतकालिकात आलं. एकेका दीर्घिकेचा सिग्नल गोंगाटात पूर्ण बुडालेला होता. तो वर काढता आला, कारण गोंगाट पुरेसा निवलेला होता. जितकं दूर पाहायचं तितकं कायद्याच्या कुंपणाबाहेर जावं लागतं, आणि तिथे माणसांच्या हातांनी केलेल्या चोख कामाखेरीज राखण करणारं कुणी नाही.

अमेरिकेत १९५८ साली ग्रीन बँक वेधशाळेभोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांत टापू आखला गेला. तिथे दुर्बिणीजवळ ठिणगीची पेट्रोल गाडी चालत नाही, डिझेलची चालते. जुन्नरला असा टापू आखता येणार नाही आणि आखूही नये. तिथली माणसं शेती करतात, बाजार करतात. त्यांना वीज हवी, मोबाइल हवा, रेल्वेही हवी. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेमार्ग दुर्बिणीजवळून नेण्याच्या आखणीवर जो वाद झाला, त्यात ही ओढाताण उघड झाली. विद्युत रेल्वेच्या तारेशी घासणारा पँटोग्राफ ठिणग्या उडवतो, हे खरं. गावांना रेल्वेची गरज आहे, हेही खरं.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी खोडदला दुर्बिणीची दारं उघडतात, तालुक्यातली शाळकरी मुलं आपले प्रयोग घेऊन येतात आणि ४५ मीटरची डिश मान वर करून पाहतात. त्यांना डिशबरोबरच एक कनेक्टर हातात द्यावा. जाळी कशी पसरायची, टोक का बंद करायचं, नट का आवळायचा, ते करून घ्यावं. आयटीआयच्या वर्गात वायरमनला चांगल्या सांध्याचे गुण मिळावेत, नुसत्या चालू झालेल्या दिव्याचे नव्हे. स्वस्त चार्जरच्या आयातीवर आणि उत्पादनावर फिल्टरची सक्ती कागदाबाहेर यावी. स्प्लिटरचं मोकळं तोंड टर्मिनेटर लावून बंद करायला किरकोळ खर्च येतो. स्क्वेअर किलोमीटर ॲरे या जागतिक दुर्बिणीत भारताने सामील व्हायचं ठरवलं, १,२५० कोटी रुपये मंजूर केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या कोट्यवधींचं चीज गल्लीतल्या वायरमनच्या हातात आहे. त्याला त्याच्या कामाचा मान आणि मोबदला द्यावा, आणि तो देताना काटकसर करू नये. पुढचा शोध त्याच्या आवळलेल्या सांध्यावर लागणार आहे.